वार्धक्य, व्यंग आणि आपले पालि-वाचन

जरा हे दुःख होय, ही प्रथम आर्यसत्याची मांडणी आपल्या विहारांत येणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु पालि साहित्य या मांडणीपाशी थांबत नाही. जीर्ण शरीराने काय करता येते, व्यंग असलेल्या माणसाने संघात आणि समाजात कोणते स्थान मिळविले, इतरांनी त्याला कसे वागविले, यांविषयी निकायांत, विनयात आणि थेर-थेरीगाथांत विपुल सामग्री आहे. ती सामग्री आपण कशी वाचतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते या वाचनात एक जुना दोष शिरला आहे. तो केवळ विद्वत्तेतील दोष असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते; पण त्याची झळ जिवंत माणसांना पोहोचते.

काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका प्रवचनाला आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. विषय होता खुज्जुत्तरा उपासिका. प्रवचनकारांनी कथा रसाळपणे सांगितली : पूर्वजन्मी तिने कुबड असलेल्या एका प्रत्येकबुद्धाची नक्कल करून त्यांचे हसे केले, म्हणून या जन्मी ती कुबडी झाली. श्रोत्यांत पायाला कॅलिपर लावलेली एक तरुणी आपल्या आईसोबत बसली होती. प्रवचन संपल्यावर आई आमच्यापाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही पालि शिकवता ना? मग एवढं सांगा, माझ्या लेकीनं मागल्या जन्मी कुणाची टर उडवली असंल?" मुलगी दाराशी चपला घालीत होती; तिने ते ऐकले की नाही, हे आम्हांस कळले नाही. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर तेव्हा सुचले नाही. ते येथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

किळस की आत्मपरीक्षण?

प्रथम एका अधिक परिचित कथेकडे वळू. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, मृत आणि परिव्राजक पाहिले व गृहत्याग केला, ही कथा आपल्या मनात इतकी रुजली आहे की वार्धक्य म्हणजे पाहून दचकण्याची गोष्ट, असाच संस्कार बालवयापासून होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिला याच कथेसंबंधी आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, आजारी किंवा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. धर्मानंद कोसंबी यांनीही 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ही कथा इतिहास म्हणून स्वीकारलेली नाही. सुत्तपिटकात ती महापदान सुत्तात येते. पण तेथे ती विपस्सीची आहे, गोतमाची नव्हे.

गोतमाचे स्वतःचे निवेदन अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे, आणि ते अगदी वेगळ्या वळणाचे आहे. तेथे रथ नाही, सारथी नाही, रस्त्यावरचा म्हातारा नाही. तेथे एक विचार आहे. सामान्य माणूस स्वतः जराधर्मी असतो, म्हणजे त्यालाही म्हातारपण चुकलेले नसते. तरी दुसऱ्या वृद्धाला पाहून तो स्वतःला विसरतो आणि त्याला किळस येते. मीही असाच जराधर्मी असताना मला अशी किळस यावी, हे मला शोभत नाही. असा विचार करताना त्यांचा तारुण्याचा मद नाहीसा झाला. आरोग्याचा आणि जीविताचा मदही याच रीतीने गेला. हेच ते तीन मद : योब्बनमद, आरोग्यमद आणि जीवितमद.

दोन्ही कथनांतील अंतर लहान नाही. रथाच्या कथेत वृद्ध माणूस हे भयाचे निमित्त आहे. तिक निपातात दोष वृद्धाच्या शरीरात नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, आणि उपचारही तिथेच करावयाचा आहे. आपल्या प्रवचनांत पहिले कथन शंभर वेळा ऐकू येते, दुसरे क्वचितच.

खुज्जुत्तरेच्या दोन कथा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खुज्जुत्तरा ही कोसम्बीच्या उदेन राजाच्या सामावती राणीची दासी. धम्मपद-अट्ठकथेतील वृत्तान्त थोडक्यात असा : राणीच्या फुलांसाठी तिला रोज आठ कहापण मिळत, ती चारांची फुले आणी व चार स्वतःजवळ ठेवी. एके दिवशी माळ्याच्या घरी तिने बुद्धांचा उपदेश ऐकला आणि ती सोतापन्न झाली. त्या दिवशी तिने आठही कहापणांची फुले नेली. आज एवढी फुले कशी, असे राणीने विचारताच तिने चोरी लपविली नाही. राणीने तिला शिक्षा केली नाही; ऐकलेले आम्हांलाही सांग, अशी विनंती केली. तेव्हापासून दासी उंच आसनावर आणि राणी व तिच्या परिवारातील स्त्रिया खाली, असा पाठ सुरू झाला. खुज्जुत्तरेने बुद्धांकडे जावे, ऐकावे, परत येऊन जसेच्या तसे सांगावे. इतिवुत्तकातील ११२ सुत्ते तिच्याच स्मरणातून आली, अशी अट्ठकथेची परंपरा आहे. अंगुत्तर निकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. उपासिकांनी कोणासारखे व्हावे, याचे माप म्हणून वेळुकण्टकी नन्दमातेसोबत तिचेच नाव येते.

ही पहिली कथा. दुसरी तिच्या शेपटाला जोडलेली : ती कुबडी का, दासी का? कुबडी, कारण प्रत्येकबुद्धाची नक्कल केली. दासी, कारण पूर्वजन्मी एका अर्हंत भिक्खुणीला आपली हलकी कामे सांगितली. येथे समीक्षकाने विचारले पाहिजे की या जोडकथेने मूळ कथेत कोणती भर पडते. आमच्या मते पडत नाही, उलट हानी होते. पहिल्या कथेत कुबड आणि दास्य ही परिस्थिती आहे. तिच्यातून एका स्त्रीने स्मृती, प्रामाणिकपणा आणि अध्यापन यांच्या बळावर मार्ग काढला. दुसऱ्या कथेत तीच परिस्थिती शिक्षा ठरते, आणि मग वाचकाचे लक्ष खुज्जुत्तरेने काय केले यावरून उडून तिला काय झाले यावर जाते. दासीपणाचे असे समर्थन मान्य केले, तर अस्पृश्यतेचे समर्थन नाकारण्याचा आपणांस अधिकार उरत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी का नाकारला, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जातीच्या बाबतीत नाकारलेला तो सिद्धान्त व्यंगाच्या बाबतीत आपण नकळत मागील दाराने आत घेतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

कारण आणि कर्म

चक्खुपाल थेरांची कथा या दृष्टीने अधिक बोलकी आहे. धम्मपद-अट्ठकथेचा आरंभच तिने होतो. वर्षावासात आडवे व्हायचे नाही, असा थेरांनी निश्चय केला होता. डोळ्यांना विकार जडला, वैद्याने आडवे होऊन नाकात औषध घालण्यास सांगितले, थेरांनी ते बसूनच घातले, डोळे गेले. डोळे गेले त्याच क्षणी अर्हत्त्व प्राप्त झाले, असे कथाकार सांगतो. अंधत्वाचे कारण कथेत पूर्णपणे आलेले आहे. वैद्याने ते आधीच बजावलेही होते. तरीही कथाकार पूर्वजन्म आणतो : त्या जन्मी थेर वैद्य होते व ठरलेले मोल बुडवू पाहणाऱ्या एका रुग्ण स्त्रीचे डोळे त्यांनी औषध म्हणून विष घालून घालविले. एकाच घटनेला दोन कारणे मिळाली. त्यांतले दिसणारे विसरले जाते आणि न दिसणारे लक्षात राहते.

वेदना-संयुत्तात मोळियसीवक परिव्राजकाने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. मनुष्य जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, असे म्हणणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांविषयी आपले मत काय? भगवंतांनी उत्तरात आठ कारणे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, शरीराची नीट निगा न राखणे, बाह्य आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्वच काही पूर्वकर्माचे मानणारे स्वतःच्या अनुभवालाही आणि लोकांत सत्य मानलेल्या गोष्टींनाही ओलांडून जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे. मिलिन्दपञ्हात नागसेनांनी हीच यादी घेऊन कर्मजन्य भाग थोडा व उरलेला अधिक, असे स्पष्ट केले आहे. मज्झिम निकायातील देवदह सुत्तात निगण्ठांच्या सर्व-पूर्वकर्मवादाचे सविस्तर खंडन आहे.

तथापि एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. अट्ठकथा दोषी आणि सुत्ते निर्दोष, इतकी सरळ विभागणी करता येत नाही. त्याच मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्त आजारपण, कुरूपता आणि अल्पायुष्य यांचा संबंध मागील कृत्यांशी जोडते; बालपण्डित सुत्तात मूर्खाच्या पुनर्जन्माचे वर्णन करताना काणा, लुळा, लंगडा अशी यादी येते. म्हणजे हा ताण त्रिपिटकातच आहे. अशा वेळी वाचकाला निवड करावी लागते, आणि आपण निवड करीत नाही असे म्हणणारा सर्वांत सोपी निवड करून मोकळा झालेला असतो. सीवकाला दिलेल्या उत्तरात अनुभवाला आणि लोकांत सिद्ध असलेल्या ज्ञानाला प्रमाण मानले आहे. पोलिओचा विषाणू, लस न मिळालेले बालक, वेळेवर न झालेला उपचार, ही आज लोकांत सिद्ध असलेली कारणे होत. त्यांना ओलांडून पूर्वजन्माकडे धावणे त्या उत्तराच्या विरुद्ध आहे, असे आम्ही मानतो.

अम्बपाली आणि सोणा

थेरीगाथेच्या वाचनात याच दोषाचे एक सौम्य रूप दिसते. वार्धक्याचा विषय निघाला की अम्बपालीच्या गाथा निघतात. एकेका अवयवाचे तेव्हाचे सौंदर्य आणि आजची दशा समोरासमोर ठेवणारी ती रचना काव्य म्हणून असामान्य आहे, यात शंका नाही. पण त्या गाथांत शरीर हे पाहण्याचे शरीर आहे; पूर्वी इतरांनी पाहिलेले, आता तिने स्वतः पाहिलेले. त्याच संग्रहात काम करणारी वृद्ध शरीरेही आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही.

धम्मा थेरी काठी टेकत भिक्षेला निघते, अंग थरथरते, ती जमिनीवर कोसळते आणि त्या पडण्यातच तिचे चित्त मुक्त होते. चित्ता आणि मेत्तिका आजारी, दुर्बल अवस्थेत काठीच्या आधाराने डोंगर चढतात. सुमना तर म्हातारपणीच प्रव्रजित झालेली. अट्ठकथेप्रमाणे तिला हा उशीर झाला तो आजीच्या सेवेसाठी घरी राहिल्यामुळे. आणि सोणा. दहा मुलांना जन्म देऊन शरीर थकल्यावर ती संघात आली. अट्ठकथा सांगते की संपत्ती वाटून दिल्यावर मुलांनी तिला विचारले नाही. संघातही तिला आराम मिळाला नाही. दिवसा भिक्खुणींची कामे करून ती रात्री ध्यानाला उठे; अंधारात डोके आपटू नये म्हणून प्रासादाच्या तळमजल्यावर हाताने खांब धरून, त्याच्याभोवती फिरत चंक्रमण करी. उद्योगी भिक्खुणींमध्ये अग्र म्हणून तिचीच गणना झाली.

खांब धरून चालणारी ही म्हातारी आम्हांस अम्बपालीपेक्षा अधिक शिकविते. तिने शरीराची तक्रार केली नाही आणि त्याचा तिरस्कारही केला नाही. अंधार आहे, डोके आपटेल, म्हणून खांब धरावा. तिच्या लेखी हा एवढाच प्रश्न होता आणि तो तिने सोडविला. आमच्या गाथासंग्रहांत आणि पाठ्यपुस्तकांत अम्बपालीला मिळणाऱ्या पानांपैकी दोन-तीन पाने सोणेला द्यावीत, अशी आमची सूचना आहे.

विनयातील यादी आणि एक नाव नसलेला भिक्खू

विनयाकडे वळल्यावर समीक्षकाची खरी परीक्षा होते. महावग्गात प्रव्रज्या देऊ नये अशा व्यक्तींची एक यादी आहे. तीत कुबडा, ठेंगू, काणा, लुळा, लंगडा, अंध, मुका, बहिरा यांच्यासोबत 'जरादुब्बल', म्हणजे वार्धक्याने दुर्बल झालेला, हाही आहे. अशांना प्रव्रजित करणाऱ्यास दुक्कट आपत्ती सांगितली आहे. भिक्षाटनाच्या आणि पायी प्रवासाच्या जीवनाला सुदृढ शरीर लागते, असे समर्थन करता येईल. पण त्याच यादीत 'परिसदूसक', म्हणजे ज्याच्या रूपाने परिषदेची शोभा जाते तो, हाही आहे. त्याचे समर्थन पायी प्रवासाने होत नाही. येथे संघाने लोकांच्या डोळ्यांना भिऊन नियम केला, असे आम्हांस स्पष्ट म्हणावे लागते.

याच डोळ्यांना दिलेले उत्तरही त्रिपिटकातच सापडते. उदानात लकुण्टक भद्दिय थेर इतर भिक्खूंच्या मागून येत आहेत : ठेंगणे, दिसायला कुरूप, बहुतेक भिक्खूंनी तुच्छ लेखलेले. भगवंत त्यांच्याकडे बोट दाखवून भिक्खूंना सांगतात की हा भिक्खू महान सामर्थ्याचा आहे. मधुर आवाजाच्या भिक्खूंत त्यांना अग्रस्थान आहे. अट्ठकथेला येथे श्रेय द्यावे लागेल असे एक उदाहरण राध थेरांचे आहे. म्हातारपणी घरच्यांनी दूर केल्यावर ते संघाकडे आले. वयामुळे भिक्खूंनी त्यांना नाकारले. एक पळी भिक्षेचा उपकार स्मरून सारिपुत्तांनी त्यांना शिष्य केले. पुढे इतरांच्या प्रतिभेला चालना देणाऱ्यांत राध अग्र ठरले.

मात्र अग्रस्थान मिळविणाऱ्यांच्या कथाच सांगत राहिलो, तर दुसरा दोष जन्माला येतो. व्यंग असूनही मोठा झालेलाच मनुष्य आदराला पात्र, असा समज दृढ होतो. ज्याच्याकडून काहीच होत नाही, त्याचे काय? महावग्गाच्या चीवरक्खन्धकात त्याचे उत्तर आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारता तो म्हणाला की मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. भगवंतांनी पाणी ओतले, आनन्दांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर भिक्खूंना एकत्र करून त्यांनी सांगितले की तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. आणि ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी.

या भिक्खूचे नाव विनयात दिलेले नाही. तो पुढे बरा झाला, अर्हंत झाला, असेही तेथे सांगितलेले नाही. ती सेवा कोणत्याही फळाच्या अटीवर नव्हती. त्याच ठिकाणी उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत आणि शुश्रूषा करण्यास सोपा असलेल्या रुग्णाचेही पाच : त्याने पथ्य राखावे, औषध घ्यावे, आजार कसा आहे ते खरे सांगावे इत्यादी. म्हणजे अंथरुणावर पडलेला मनुष्यही येथे कर्ता आहे. तो केवळ दयेचा विषय नाही.

शास्त्याची पाठ

शेवटी स्वतः शास्त्याच्या वार्धक्याविषयी. संयुत्त निकायात सावत्थीच्या पूर्वारामात भगवंत मावळत्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. आनन्द अंग चोळताना म्हणतात की कातडीचा तो उजळपणा गेला, अंगे सैल पडली, शरीर पुढे वाकले. भगवंत ते नाकारीत नाहीत. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांच्या आपल्या देहाची तुलना ते दोरखंडांनी बांधून कसाबसा चालविलेल्या जुन्या गाड्याशी करतात, आणि तो गाडा कुसिनारेपर्यंत नेतात. वाटेत तहान लागते, बसावे लागते, आनन्दांना चीवर अंथरण्यास सांगावे लागते. मदत मागण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट दीघ निकायाच्या संगीति सुत्तात आहे. पावा नगरीत मल्लांना उपदेश करता करता रात्र बरीच झाली. भगवंतांनी सारिपुत्तांना सांगितले की माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो, पुढे तू बोल. सारिपुत्तांनी धम्माचे एकेकापासून दहादहापर्यंतचे सर्व वर्ग मांडले आणि अखेरीस भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली. कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात हाच प्रसंग आनन्दांच्या वाट्याला आला. मज्झिम निकायातील सेख सुत्त त्यातून निर्माण झाले. पाठ दुखली म्हणून परिषद मोडली नाही, आणि दुखत नाही असे सोंगही कोणी केले नाही. शरीराची मर्यादा कबूल केल्याने दुसऱ्याला बोलण्याची जागा मिळाली, आणि आपल्या हाती दोन मौलिक सुत्ते आली.

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. मधुमेहाने शरीर पोखरलेले, दृष्टी अधू झालेली. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरची धम्मदीक्षा, नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आणि हातातील ग्रंथ. त्यांनी ६ डिसेंबरला देह ठेवला. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. यात पराक्रम आहेच. परंतु लिहून घेणारे, वाचून दाखविणारे, हात धरून चालविणारेही त्या कार्यात होते, हे विसरता कामा नये.

संयुत्त निकायातील वृद्ध नकुलपित्याला भगवंतांनी जो उपदेश केला, त्याचा आशय शरीर रोगी असले तरी चित्त रोगी होऊ न देण्याचा अभ्यास करावा, असा आहे. तो पुष्कळदा उद्धृत होतो. पण अंगुत्तर निकायात हाच नकुलपिता अंथरुणाला खिळला असता त्याची पत्नी त्याला काय सांगते, तेही त्यासोबत वाचले पाहिजे. ती म्हणते की काळजी करू नका, मला सूत कातता येते, मी मुलांना सांभाळीन, घर चालवीन. चित्त निरोगी राखण्याचा अभ्यास एकट्याने करावा लागतो. पण तो करता येईल असे घर, असा विहार, असा समाज इतरांनी उभा करावा लागतो. ज्या विहाराच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून वृद्ध उपासिका पौर्णिमेला घरी राहते, जेथे मांडी घालता येत नसलेल्याला खुर्ची मागताना संकोच वाटतो, तेथे हा उपदेश अर्धाच सांगितला जातो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. विनयाने शुश्रूषेची जबाबदारी त्याच्या कितीतरी शतके आधी संघावर टाकलेली आहे.

आता त्या माउलीचा प्रश्न. आज ती भेटली, तर आम्ही म्हणू : "ताई, तुमच्या मुलीने कोणाची टर उडविली नव्हती. तिच्या पायाचे कारण डॉक्टरांना विचारा, ते तुम्हांला खरे कारण सांगतील. आणि खुज्जुत्तरेची कथा आम्ही तुम्हांला अपुरी सांगितली. पुढच्या रविवारी तिला घेऊन या. इतिवुत्तक आम्ही वाचून दाखवू, अर्थ तिने सांगावा." प्रवचनकारांनाही आमची एवढीच विनंती आहे की खुज्जुत्तरेची कथा तिने आठ कहापणांची फुले आणली त्या दिवसापासून सुरू करावी, आणि ती आसनावर बसून शिकवीत आहे तेथे संपवावी.